डिकीतला दिवा

माझं गाड्यांच्या बॅटरीचं दुकान. रविवारी सकाळी शाहूपुरीतून एका निवृत्त गुरुजींचा फोन आला. "अरे, गाडी पुन्हा बसली. आता नवीच बॅटरी घेऊन ये." दोन महिन्यांतली ही तिसरी वेळ. बॅटरी जेमतेम 14 महिन्यांची.

नवी घेऊन गेलो, पण आधी जुनीची झाकणं उघडली. व्होल्टेज 11.9. ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर सहाही सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांमध्ये, घातला. सगळीकडे साडेअकराशेच्या आसपास, म्हणजे 1.150. पूर्ण चार्ज बॅटरीत हा आकडा 1.265 तरी हवा. माझा हात इथंच थांबला. सेल गेलेला असला की पाच बरे आणि एक पडलेला दिसतो. इथं सहाही सारखेच खाली होते.

"गुरुजी, नवी बसवली तर तीही अशीच बसेल. कुणीतरी करंट खातंय."

गाडी गुरुवारी रात्रीपासून उभी होती. नवी बॅटरी तात्पुरती जोडली, निगेटिव्हच्या तारेत मीटर लावला आणि गाडी लॉक करून अर्धा तास थांबलो. हल्लीच्या गाड्यांतलं इलेक्ट्रॉनिक्स शांत व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. काकूंनी चहा दिला. मीटर 0.45 अँपिअरवरून हलेना, 0.05 च्या आत यायला हवा होता. एकेक फ्यूज काढत गेलो. आतल्या दिव्यांचा काढला आणि आकडा एकदम 0.02 वर आला.

आतला दिवा तर बंद दिसत होता. मग मोबाईलवर व्हिडिओ चालू करून डिकीत ठेवला, झाकण लावलं. बाहेर काढून पाहिलं, तर बंद डिकीत लख्ख उजेड! मेढ्याकडून भाताची पोती आणली होती. त्यांचं तूस कुलपाच्या ग्रीसमध्ये बसून स्विच अडकला होता. दिवा फक्त 5 वॅटचा. पण दिवसाला 10 अँपिअर-अवर करंट खातो, आणि बॅटरीत मावतात एकूण 35.

स्विच साफ करून दिला. जुनी बॅटरी दुकानात आणली. दोन सेलांत पाणी प्लेटांच्या कडेला टेकलं होतं, तिथं प्लेटा जेमतेम बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं. खुणेपर्यंत नंतरच भरायचं, कारण चार्जिंगला पातळी वर चढते. गुरुजींनी विचारलं होतं, "घरच्या फिल्टरचं चालेल?" नाही चालत, त्यात क्षार उरतात. ॲसिड तर मुळीच घालायचं नाही. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. साडेतीन अँपिअरवर रात्रभर लावली, शटर अर्धं उघडं ठेवून, कारण हायड्रोजन निघतो.

सकाळी पाच सेल 1.260 ला आले, सहावा 1.230 वरच अडला. तीनदा रिकामी पडून राहिल्यानं त्याच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट धरलं असणार, आणि ते सगळं काही सुटत नाही. हे गुरुजींना स्पष्ट सांगितलं. टर्मिनल घासून, व्हॅसलीन लावून बॅटरी बसवली, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. इंजिन चालू असताना 14.2 व्होल्ट मिळाले, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक.

बॅटरीवर मार्करनं तारीख आणि सहाही आकडे लिहून ठेवलेत. दिवाळीनंतर सहावा सेल पुन्हा मोजायचा आहे.