चौथ्या सिलिंडरच्या छतावरचा थेंब

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला सहा सिलिंडरचा डीजी सेट, म्हणजे डिझेलवरचा जनरेटर. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) रोज दीड-दोन लिटर कमी होत होतं. बाहेर गळती नाही, इंजिन ऑइल दुधाळ झालेलं नाही, पण सकाळी सेट सुरू केला की पांढरा धूर. पाणी कुठल्या तरी सिलिंडरमध्ये जात होतं, हे उघड होतं. अशा वेळी स्टार्टर मारून बघणं सगळ्यात घातक. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

फिटरकाका सहाही हेड, म्हणजे सिलिंडरांची वरची झाकणं, उतरवायला निघाले होते. "काका, आधी फक्त इंजेक्टर काढा," मी म्हटलं. डिझेल फवारणारे हे इंजेक्टर काढले की त्यांच्या भोकांतून आत बघता येतं.

इंजिन रात्रभर बंद होतं, ते बरं झालं. आमच्या फायबरस्कोपच्या (आत डोकावायच्या लवचिक दुर्बिणीच्या) नळीला 80 अंशांपुढची उष्णता चालत नाही. सेट वीज गेली की आपोआप सुरू होणारा, म्हणून बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि पॅनेलला कुलूप लावलं. इंजेक्टरभोवतीची धूळ हवेने उडवल्यावरच पाना लावला. तांब्याचे वॉशर मोजून घेतले, सहा. एखादा भोकात राहिला तर नळीचं टोक त्यावरच अडतं आणि माणूस जोर लावतो.

पिस्टन तळाशी असला तरच आत टोक वळवायला जागा मिळते. एका वेळी दोनच तळाशी येतात: 1 आणि 6, 2 आणि 5, 3 आणि 4. म्हणून फ्लायव्हील हाताने तीनदा फिरवलं, आणि दर वेळी नळी आधी बाहेर.

4 मिलिमीटरची नळी आत गेली. पाच पिस्टनांची डोकी काजळीने काळी; चौथ्याचं धुऊन काढल्यासारखं चकचकीत. वाफेने कार्बन निघून जातो, म्हणून ही मोठी खूण. पण पाणी येतं कुठून? गॅस्केट (हेडखालची सीलपट्टी), लायनर (सिलिंडरची आतली भिंत) की हेड? पिस्टनच्या वाटीत ओल होती, तिच्यावर मात्र विश्वास ठेवता येत नाही. इंजेक्टर काढताना थोडं डिझेल तिथे उतरतंच.

टोक मागे वळवून छत, म्हणजे हेडची खालची बाजू, बघितलं. व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये (व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्यांमध्ये) काळी रेघ आणि शेजारी तीन काळे ठिपके. फायबरस्कोपमध्ये हजारो तंतू असतात आणि दोन्ही टोकांना त्यांची मांडणी एकसारखी असते. हॉपकिन्स आणि कपानी या शास्त्रज्ञांनी 1954 मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलेली हीच युक्ती. त्यामुळे तुटलेला प्रत्येक तंतू चित्रात काळा ठिपका होऊन दिसतो. टोक हलवलं, तीन ठिपके जागेवरच राहिले, म्हणजे ते आमच्या नळीचे. रेघ चित्राबरोबर सरकली, म्हणजे ती हेडवरची. मग प्रकाश कमी-जास्त केला, बाजू बदलून बघितलं. सावली असती तर जागा बदलली असती.

तरीही चिरेचं नाव घेतलं नाही. रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडून 1 बार दाब दिला आणि तिथेच नजर ठेवली. बाराव्या मिनिटाला रेघेच्या मधोमध ओल चमकली, मग थेंब लोंबायला लागला. छतावरचा थेंब डिझेलचा असू शकत नाही. आजूबाजूची गॅस्केटची कड कोरडी होती.

बाहेर काढताना टोक सरळ केलं, वळवण्याचं लॉक सोडलं, मगच नळी ओढली. वाकलेलं टोक भोकात अडकवून ओढल्यामुळे निकामी झालेल्या नळ्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. दुरुस्तीचा खर्च पाहून जीव हळहळतो.

सिलिंडरागणिक वेगळं हेड असल्याने एकच उतरवलं. डाय पेनिट्रंट (चिरेत शिरणारा लाल रंग) लावल्यावर इनलेट आणि एक्झॉस्ट सीटांमधल्या अरुंद पट्टीवर लाल चीर स्पष्ट उमटली. एक बाजू तापलेली, दुसरी ताज्या हवेने थंड, म्हणून तिथेच धातू थकतो. त्यात पाण्याच्या वाटांमध्ये चुन्याचा पांढरा थर साचलेला: कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी ओतत होते. नवीन हेड बसवल्यावर उरलेल्या पाच हेडांच्या त्याच पट्ट्या दाब ठेवूनच पुन्हा बघितल्या. पाचही कोरड्या होत्या.