पांढरी शाई नसलेल्या प्रिंटरवर रेल्वे मॉडेलचे डेकल

घरच्या प्रिंटरमध्ये काळी, निळसर, जांभळट-लाल आणि पिवळी शाई असते, पांढरी नसते. छापील पानावर पांढरा दिसतो तो कागदाचा रंग. भारतीय रेल्वेच्या मॉडेलसाठी डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून मॉडेलवर सरकवायची छापील पातळ फिल्म) करायचे तर सगळी आखणी इथूनच सुरू करावी लागते, कारण आपल्या डब्यांचं अंग गडद आणि त्यावरची अक्षरं पिवळी किंवा पांढरी. पारदर्शक डेकल पेपरवर पिवळा क्रमांक छापून तो गर्द तांबड्या आयसीएफ डब्यावर (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या रचनेचा डबा) लावला, तर तो जवळजवळ दिसेनासा होतो. शाईला स्वतःचा दाटपणा नसतो, खालचा रंग तिच्यातून वर येतो.

म्हणून पारदर्शक कागद फक्त फिकट पृष्ठभागावरच्या गडद अक्षरांसाठी ठेवावा: दुधी पट्ट्यावरची काळी अक्षरं, करड्या अंगावरच्या सूचना. बाकी सगळ्याला पांढरा डेकल पेपर. त्यावर अक्षराभोवती डब्याचाच रंग छापायचा आणि अक्षराची जागा पिवळी किंवा कोरी सोडायची. गावांच्या नावांची पाटी सर्वांत सोपी, कारण तिला स्वतःची चौकट असते.

अडचण रंग जुळवण्याची. छापलेला तांबडा आणि डब्याला मारलेला तांबडा सहसा एक नसतात, आणि क्रमांकाभोवती चौकोनी ठिगळ दिसतं. यावर दोन उपाय आहेत. पहिला, त्याच डेकल पेपरच्या तुकड्यावर थोड्या थोड्या फरकाचे वीसेक चौकोन छापावेत, त्यांवर क्लिअर स्प्रे मारावा आणि मगच दिवसाच्या उजेडात डब्याशेजारी धरून निवड करावी. स्प्रेनंतर रंग गडद होतो, त्यामुळे कोऱ्या छपाईवरून केलेली निवड हमखास फसते. मॉनिटरवरच्या रंगावर तर अजिबात विसंबू नये.

दुसरा उपाय मला जास्त पटतो: डब्याची अख्खी बाजूच डेकल म्हणून छापायची. आयसीएफ डब्याची लांबी २१.३३७ मीटर, म्हणजे एचओ या मॉडेल-मापाच्या १:८७ प्रमाणात साधारण २४५ मिमी. एलएचबी (नंतरच्या जर्मन रचनेचा) डबा २३.५४ मीटरचा, म्हणजे सुमारे २७१ मिमी. ए-४ कागद २९७ मिमी लांब असतो, तेव्हा दोन्ही डबे एका पानात बसतात. पट्टे, क्रमांक, श्रेणी, रेल्वेचं नाव सगळं एकाच छपाईतून आलं की जुळवण्याचा प्रश्न फक्त टोकांना आणि छताच्या कडेला उरतो, आणि तिथे रंगाची सीमा मुळातच असते. एवढी लांब पट्टी पाण्यातून अखंड काढायला जाऊ नये, ती मुरडते. दारांच्या रेषेवर तिचे तीन तुकडे करावेत.

आता अक्षरांचं माप. प्रत्यक्षात १०० मिमी उंच असलेलं अक्षर १:८७ ला १.१५ मिमी होतं. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) एक ठिपका ०.०४२ मिमीचा, म्हणजे त्या अक्षराला उंचीत सत्तावीसेक ठिपके मिळतात. ३०० वर त्याच्या निम्मे. मध्य रेल्वेचं रोमन ‘सीआर’ एवढ्यात निभावतं. ‘शयनयान’ची शिरोरेखा आणि ‘श’ची गाठ मात्र एकमेकांत मिसळतात. देवनागरीसाठी ६०० डीपीआय ही किमान गरज समजावी. फाँट ‘मुक्ता’ या देवनागरी फाँटसारखा मोकळ्या पोटाचा घ्यावा, वजन मध्यम. फार जाड घेतला तर पोटं भरतात, बारीक घेतला तर पांढऱ्या कागदावर कोरी सोडलेली रेघ भोवतीच्या शाईच्या पसरण्याने बुजते. इंकस्केप या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचं पाथमध्ये (बाह्यरेषेत) रूपांतर करून उंची थेट मिलिमीटरमध्ये द्यावी. पॉइंट साइजवरून अक्षराची खरी उंची कळत नाही.

क्रमांक लिहिताना डब्याचा काळ पाहावा. आयसीएफच्या पाच आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे बांधणीचं वर्ष आणि उरलेले तीन डब्याचा प्रकार सांगतात. २०१ ते ४०० म्हणजे दुसऱ्या वर्गाचा शयनयान. जुन्या तांबड्या रंगातल्या शयनयानावर १५४५० हा क्रमांक दोन्ही बाजूंनी चुकीचा ठरतो: १५ म्हणजे २०१५, आणि ४५० शयनयानाच्या आकड्यांत बसत नाही.

छापताना स्केल १०० टक्के ठेवावं. पानावर १०० मिमीची एक रेघ टाकून आधी साध्या कागदावर छापावी आणि पट्टीने मोजावी. कागद प्रिंटरच्या जातीचाच हवा. इंकजेटचा डेकल पेपर लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. फ्यूजरच्या (टोनर तापवून चिकटवणाऱ्या भागाच्या) उष्णतेने त्यावरची फिल्म वितळून आत चिकटू शकते. लेझरचा टोनर पाण्यात विरघळत नाही, पण मोठ्या सलग रंगात बारीक छिद्रं राहतात. अख्खी बाजू छापायची असेल तर इंकजेट बरा, फोटो पेपर आणि सर्वोच्च दर्जा या सेटिंगवर.

इंकजेटची शाई, विशेषतः डाय शाई, पाण्यात लगेच सुटते, म्हणून तिच्यावर ॲक्रिलिक क्लिअर स्प्रे लागतोच. सर्वाधिक डेकल याच पायरीला बिघडतात. छपाई रात्रभर वाळू द्यावी. पहिला हात २५–३० सेंमी अंतरावरून, नुसती वाफ बसल्यासारखा. तो ओला पडला तर स्प्रेतलं द्रावणच शाई ओढून नेतं. वीस मिनिटांच्या अंतराने आणखी दोन हलके हात, मग पूर्ण एक दिवस विश्रांती. थर कमी पडला तर भिजवताना रंग पाण्यात उतरतो. जास्त झाला तर फिल्म ताठ होते, कडा उठून दिसतात आणि रिव्हेट-बिजागऱ्यांवर ती बसत नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात स्प्रेवर पांढुरकी झाक येते, कारण वाळता वाळता थर हवेतला ओलावा पकडतो. कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबावं.

डेकल लावायची जागा चकचकीत हवी. मॅट रंगाच्या खरखरीत पृष्ठभागात हवा अडकते आणि पारदर्शक फिल्म चंदेरी दिसू लागते. नंतर ते घालवणं अवघड जातं. म्हणून आधी ग्लॉस वार्निश. नव्या ब्लेडने डेकल कापल्यावर पांढऱ्या कागदाची उघडी कड दिसते, तिच्यावरून डब्याच्याच रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश फिरवावा.

कोमट पाण्यात १५–२० सेकंद बुडवून डेकल टिपकागदावर मिनिटभर ठेवावं. ते पाण्यातच सुटू दिलं तर गोंद धुऊन जातो. डब्यावर मायक्रो सेट (डेकल चिकटायला मदत करणारं द्रावण) लावून कागदावरून थेट जागेवर सरकवावं, ब्रशने नेमकं करावं, पाणी टिपून घ्यावं. मग मायक्रो सोल हे फिल्म मऊ करणारं द्रावण. त्याने फिल्म मऊ होऊन सुरकुतते. त्या वेळी बोट लावलं तर ती फाटते. हात न लावता सोडली तर वाळताना आपसूक ताणून बसते. स्प्रेच्या थरावर हे द्रावण कधी फार जोरात चालतं, म्हणून टाकाऊ तुकड्यावर आधी चाचणी घ्यावी. डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनाच्या लांब हुडवरच्या (इंजिन झाकणाऱ्या भागावरच्या) दारांसारख्या जागी दोन-तीन हात लागतात, आणि उरलेला फुगा बारीक सुईने टोचून पुन्हा एक.

दुसऱ्या दिवशी ओल्या मऊ कापडाने गोंदाचे डाग पुसून मॅट वार्निश द्यावं. उरलेलं पान सपाट, बंद पिशवीत ठेवावं. वर्षभराने वापरायचं झालं तर आधी एक नको असलेला आकडा भिजवून पाहावा. तडकला, तर पूर्ण पानावर मायक्रोस्केलची लिक्विड डेकल फिल्म लावून वाळल्यावरच कापावं.