चारशे यार्डांपर्यंत फायर नाही

संरक्षणशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला उत्तर आफ्रिकेची मोहीम शिकवताना तोब्रुकच्या पाडावापाशी मी दरवर्षी अडते. तोब्रुक म्हणजे लिबियाच्या किनाऱ्यावरचं, ब्रिटिश फौजांच्या ताब्यातलं बंदर. २० जून १९४२ ला सकाळी जर्मन सेनापती रोमेलने तोब्रुकच्या आग्नेय बाजूवर हल्ला चढवला. त्या बाजूला अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि नेमक्या हल्ल्याच्या तोंडावर होती फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. इतिहासात त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते: मराठ्यांची फळी फुटली, रणगाडे आत घुसले, दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडलं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं भरतीची तयारी करणारी. कुणाचे चुलते, कुणाचे आजोबा याच रेजिमेंटचे. ती ओळ वाचली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, म्हणजे आपले लोक कमी पडले का?"

या प्रश्नाला तोंडी उत्तर पुरत नाही. "परिस्थिती प्रतिकूल होती" म्हटलं की मुलं मान डोलावतात, पण मॅडम नुसती समजूत काढताहेत असं त्यांना वाटतं. म्हणून या वर्षी तो तास मी वर्गात घेतलाच नाही. वाचनालयातली चार टेबलं जोडली आणि त्यांच्यावर वाळवंट मांडलं.

रणगाड्यांच्या लढाईचे पटावरचे खेळ मी बरीच वर्षं जमवते आहे. १९७५ साली ॲव्हलॉन हिल कंपनीने 'तोब्रुक' नावाचा खेळ काढला होता. हॅल हॉक यांनी तो रचला होता. त्यात एक सोंगटी म्हणजे एक रणगाडा किंवा एक तोफ. पट जवळजवळ कोरा, नुसती षट्कोनी घरं, कारण वाळवंटात आडोसा नसतोच. प्रत्येक गोळ्यासाठी फासे टाकायचे: लागला का, कुठे लागला, चिलखत फोडलं का. बऱ्याच खेळाडूंना एवढे फासे टाकायचा कंटाळा येतो. मला मात्र तो खेळ त्यासाठीच मोलाचा वाटतो. एका गोळ्यामागे किती गोष्टी जुळून याव्या लागतात ते हाताला कळतं. तोच गाभा ठेवून, तक्ते सोपे करून, मी मराठीत छोटा खेळ बनवला होता. तोफेने फायर केला की तिच्या घरावर कापसाचा बोळा ठेवायचा, ही भर माझी. तोफेच्या तोंडाशी उडालेली धूळ म्हणजे तो कापूस. बोळा दिसला की शत्रूला तोफ दिसली.

त्या दिवशी पाहुणे म्हणून गावातले एक निवृत्त रिसालदार आले होते. रणगाड्यात आधी गनर, मग कमांडर. राजस्थानच्या रेतीत त्यांची बरीच वर्षं गेलेली. पांढरा सदरा, टोपी, हातात काठी. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. टेबलाभोवती एक चक्कर मारून त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, सूर्य कुठं हाय?"

मी बोट दाखवलं. मराठ्यांचं तोंड आग्नेयेला, म्हणजे जूनच्या सकाळचा सूर्य डाव्या हाताला, थोडा समोरच्या अंगाने. त्यांनी मान हलवली आणि मुलांना म्हणाले, "हे आधी लिवून घ्या. वाळवंटात टायमाला लई किंमत. सकाळी गार हाय तवर जे दिसतं ते खरं. ऊन चढलं का जमीन उकळाय लागती. गाडी हवेत तरंगल्यागत दिसती, आठशेवर हाय का बाराशेवर ते डोळ्याला कळत न्हाई."

मुलांचे दोन गट केले. बचावाच्या बाजूला एनसीसीची एक मुलगी पुढे आली. एरवी वर्गात फारसं बोलत नाही. हल्ल्याच्या बाजूला तिघं, त्यातला एक 'आपले लोक कमी पडले का' विचारणारा. बचावाकडे दोन पौंडी तोफा चार, खंदकात पायदळ, मागे थोडा तोफखाना. तोफा पटावर ठेवायच्या नाहीत, कागदावर घरांचे आकडे लिहून कागद माझ्याकडे द्यायचा. हल्ल्याकडे बारा जर्मन रणगाडे, दोन प्रकारचे: आठ मार्क तीन, चार मार्क चार.

दोन पौंडी तोफ म्हणजे रणगाडे मारायची ब्रिटिश तोफ, चाळीस मिलिमीटरची, गोळ्याच्या वजनावरून नाव पडलेली. युद्धाच्या सुरुवातीला ती चांगली तोफ होती. १९४२ पर्यंत जर्मनांनी मार्क तीनच्या पुढच्या अंगावर कडक केलेल्या पोलादाचे जादा पत्रे चढवले होते आणि त्यांच्यावर या तोफेचा भरीव गोळा आपटून फुटायचा. बाजूचं चिलखत मात्र तीस मिलिमीटरच. दुसरी अडचण याहून मोठी. या तोफेला वाळवंटात स्फोटक गोळा मिळत नव्हता, फक्त भरीव. उलट मार्क चारची आखूड तोफ पंचाहत्तर मिलिमीटरची, स्फोटक गोळा टाकणारी. तिने लांब उभं राहून दोन पौंडीच्या गोलंदाजांवर, म्हणजे तोफ चालवणाऱ्यांवर, गोळे टाकायचे. गोलंदाजांपुढे फक्त ढालीचा पत्रा, बाजूने आणि वरून सगळं उघडं. तुम्ही त्याला मारू शकत नाही त्या अंतरावरून तो तुम्हाला मारतो. सहा पौंडी तोफ हा त्यावरचा उपाय होता. ती त्या मे महिन्यात नुकती वाळवंटात पोचू लागली होती आणि पुरेशी नव्हती.

खेळ सुरू झाला. पहिल्या डावांत स्टुका ही जर्मन बॉम्बफेकी विमानं आणि तोफखाना. प्रत्यक्षातही सकाळी साधारण पाच वाजून वीस मिनिटांनी हल्ला तसाच सुरू झाला होता. बचावाच्या पायदळाच्या सोंगट्या एकामागून एक उलट्या झाल्या, म्हणजे डोकं खाली, हालचाल बंद. मग रणगाडे निघाले.

हजार यार्डांवर बचावाच्या बाजूची मुलं ओरडायला लागली, "मार ना, मार!" माझ्या तक्त्यात हजार यार्डांवर दोन फाशांची बेरीज दहा किंवा जास्त यायला हवी. छत्तीसात सहा. लागला तरी समोरच्या पत्र्यावर फुकट. चारशे यार्डांवर बेरीज सहा आली तरी पुरे, छत्तीसात सव्वीस. त्या मुलीने हा हिशेब वहीच्या कोपऱ्यात आधीच मांडून ठेवला होता. ती म्हणाली, "चारशेपर्यंत फायर नाही."

आठशे. सहाशे. शेजारचा मुलगा तिच्या हातातले फासे घ्यायला गेला. रिसालदारांनी काठी आडवी धरली. "कमांडर ती हाय."

पाचशेवर मार्क तीन रणगाड्यांची रांग खंदकाला वळसा घ्यायला तिरकी झाली आणि तिची बाजू उघडी पडली. अजून एक घर पुढे आली. तेव्हा ती म्हणाली, "आता. दोन आणि तीन नंबर." मी कागद पाहून दोन तोफा पटावर ठेवल्या. पहिला फासा आठ, लागला, बाजूला, चिलखत फुटलं, रणगाडा गेला. दुसरा अकरा, पट्टा तुटला, रणगाडा जागीच. पुढच्या डावात आणखी एक. सगळं टेबल उसळलं. मी स्वतः टाळी वाजवली हे मला आठवतं.

पण दोन तोफांवर कापसाचे दोन बोळे बसले होते.

मागे अकराशे यार्डांवर थांबलेल्या चारही मार्क चारनी त्या बोळ्यांवर फासे टाकायला सुरुवात केली. दोन नंबरची तोफ त्याच डावात गेली. तीन नंबरचे गोलंदाज पुढच्या डावात. तिने चार नंबरकडून फायर केला, आणखी एक रणगाडा अडवला, तिसरा बोळा बसला, तीही गेली. एक नंबरची तोफ दुसऱ्या टोकाला होती, तिच्या समोर काही आलंच नाही. उरलेले रणगाडे खंदक ओलांडून आत शिरले. मुलीने फासे खाली ठेवले आणि तक्ता पुन्हा वाचायला घेतला. कुठला डाव वेगळा खेळता आला असता ते ती शोधत होती. मीही तिच्याबरोबर शोधलं. एकच सापडला: रणगाडे आणखी जवळ येईपर्यंत तोफा गप्प ठेवायच्या. त्याने एखादा रणगाडा जास्त गेला असता. बाकी तिने अतिशय उत्तम लढाई केली होती.

हल्ल्याच्या गटातला तो मुलगा जिंकला होता, पण खूश नव्हता. त्याने पटावरच्या खंदकाकडे बोट दाखवलं. "मॅडम, रणगाडे अडवायला खणलेला खंदक रणगाड्यांना अडवत का नाही? आणि तारेपुढे सुरुंग इतके विरळ का? नियम तुम्ही एका बाजूने लिहिलेत."

हा प्रश्न यावा म्हणूनच मी पट तसा मांडला होता. तोब्रुकची तटबंदी इटालियनांनी बांधलेली. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि नंतर इतर फौजांनी तिच्या जिवावर तोब्रुक महिनोन्महिने राखलं होतं. पण १९४२ च्या उन्हाळ्यापर्यंत आग्नेयेकडच्या खंदकात जागोजाग वाळू भरली होती. सुरुंग उकरून तोब्रुकच्या पश्चिमेला गझालाच्या नव्या फळीवर नेले होते, कारण तोब्रुकला पुन्हा वेढा पडू द्यायचा नाही असं वरिष्ठांचं ठरलेलं होतं. मग मेअखेर गझालाची लढाई झाली, ती फळी मोडली, आणि ज्या तटबंदीचे दात काढून नेले होते तीच धरून ठेवण्याचा हुकूम आला.

"मग सुरुंग परत ठेवून खेळू," तो म्हणाला.

दुपारी जेवणानंतर तसंच खेळलो. खंदक खोल, सुरुंगांचा पट्टा पूर्ण, बाकी सगळं तेच. त्याच चार तोफा, तोच फाशांचा तक्ता, तीच मुलगी. या वेळी रणगाडे सुरुंगांपुढे थबकले. सुरुंग काढायला इंजिनियर पुढे आले, त्यांच्यावर मराठ्यांच्या ब्रेनगन, म्हणजे हलक्या मशीनगन, चालल्या. वाट शोधताना रणगाडे पुन्हा पुन्हा आडवे झाले आणि प्रत्येक वेळी चारशे यार्डांच्या आत त्यांची बाजू दिसली. तोफा शेवटी गेल्याच, पण खेळाच्या घड्याळात दुपार उजाडली होती. तेवढ्या वेळात मागून मटिल्डा आणि व्हॅलेंटाइन हे ब्रिटिश रणगाडे येऊन पोचले असते. हेच दोन रणगाडे मुलांनी अहिल्यानगरच्या संग्रहालयात हात लावून पाहिलेत, त्यामुळे ते येणार म्हटल्यावर एकच कल्ला झाला. प्रत्यक्षात जर्मन रणगाडे साडेआठच्या सुमाराला खंदक ओलांडून आले होते. मराठ्यांच्या राखीव कंपनीचा प्रतिहल्ला अपुरा पडला आणि बत्तीसाव्या टँक ब्रिगेडचे रणगाडे उशिरा, तुकड्यातुकड्याने पोचले. संध्याकाळी जर्मन बंदरात होते. २१ जूनला तोब्रुकचे सेनापती जनरल क्लॉपर यांनी शरणागती पत्करली आणि तीस हजारांवर सैनिक कैदेत गेले. शेजारच्या मोर्च्यावरच्या गुरख्यांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणि कॅमेरन हायलँडर्सनी २२ तारखेपर्यंत झुंज दिली.

दोन पट शेजारी शेजारी होते. एका पटावर बारातले आठ रणगाडे तोब्रुकच्या आत, दुसऱ्यावर तीन. मराठे दोन्हीकडे तेच. त्या मुलाने वही उघडली, सकाळचा स्वतःचा प्रश्न खोडला आणि खाली लिहिलं, 'सुरुंग कुणी, केव्हा, कुठे हलवले?' मग मला विचारलं, "परीक्षेत असा प्रश्न घालाल का?" घालणार आहे. सैन्यात जाऊ पाहणाऱ्या मुलांनी हाच प्रश्न विचारायला शिकावं असं मला मनापासून वाटतं. छातीच्या मापाने चिलखत फुटत नाही, आणि जो अधिकारी हे विसरतो त्याच्या हाताखालच्या जवानांना त्याची किंमत मोजावी लागते.

रिसालदार निघायच्या आधी माझा तक्ता घेऊन बसले. त्यांना दोन गोष्टी पटल्या नव्हत्या. एक, सकाळी दहा वाजल्यानंतर लांबच्या फायरचा नेम मी पहाटेइतकाच ठेवला होता. त्यांनी मृगजळाचे गुण कापायला लावले, आणि ते दोन्ही बाजूंचे. दुसरी कापसाची. "धूळ तोफेखालनं उडती. गोलंदाज हुशार असला तर आधी पाणी मारतो, न्हाईतर ओलं फडकं अंथरतो. पाणी असंल तर." मग स्वतःच म्हणाले, "प्यायलाच नसंल तिथं मारायला कुठलं?" तरी मुलांनी नियम लिहून घेतला: पाण्याची एक सोंगटी खर्चली तर पहिल्या फायरला बोळा नाही.

त्या मुलीने पुढचा पट मागितला आहे. गझालाच्या फळीच्या दक्षिण टोकाला असलेल्या बीर हकीमच्या आग्नेयेला पॉइंट १७१, २७ मे १९४२. तिथे तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडवर इटलीच्या आरिएते डिव्हिजनचे रणगाडे सकाळी साडेसहाच्या सुमाराला चालून आले. ब्रिगेडकडे स्वतःचे रणगाडे नव्हते. सेकंड फील्ड रेजिमेंटच्या भारतीय गोलंदाजांनी पंचवीस पौंडी तोफा थेट नेम धरून चालवल्या. ब्रिगेडचे ४४० जवान मारले गेले किंवा जखमी झाले आणि सुमारे हजार कैद झाले. पुढे देशाचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम त्याच तोफांवर होते. त्यांना त्या लढाईसाठी डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं आणि तिथेच ते युद्धकैदी झाले. पंचवीस पौंडीचा तक्ता या वेळी मुलंच बनवताहेत. चारशे यार्डांची ओळ तिथे कुठे ओढायची यावरून दोन गट पडले आहेत, आणि रिसालदारांना पुन्हा बोलवायचं ठरलं आहे.