कुलर थंड करेनासा झाला की डबे उघडा

गेल्या आठवड्यापासून आमचा कुलर नुसता वारा फेकून राहिला. पाणी भरलेलं, ताट्या नव्या, मोटर ठणठणीत, तरी खोलीत गारवा नाही. पाऊस लागला की दरवर्षी हेच होतं. हवा आधीच ओलीचिंब असते, ताट्यांवरचं पाणी उडत नाही, आणि पाणी उडालं नाही तर गारवा येणार कुठून? माठाचंही तेच. माझ्यापुरता हा वर्षातला महत्त्वाचा दिवस असतो, कारण त्याच दिवशी मी धान्य, डाळी आणि मसाल्यांचे डबे ओट्यावर काढायला घेते.

मी बजाजनगरात कॉलेजच्या मुलांना जेवणाचे डबे देते. नासणं, आंबणं, सादळणं हे माझ्यासाठी थेट पैशाचं काम आहे. आणि माझं पक्कं मत असं की आपण नागपूरकर अन्न खराब होण्याला फक्त मे महिन्यात घाबरतो, हे अर्धंच बरोबर आहे. मे महिन्यात शिजवलेलं जातं. जुलैत कोरडं जातं.

आधी मे. २०२४ च्या मे अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. पण ४५ तर आपल्याकडे खरेच होतात, आणि स्वयंपाकघर दुपारी ३८-४० च्या खाली येत नाही. शिजवलेल्या अन्नातले जिवाणू साधारण ५ ते ६० अंशांच्या मधे वाढतात, आणि त्यातही अंगाच्या तापमानाच्या आसपास सगळ्यात जोरात. म्हणून एरवी अन्न बाहेर ठेवायची मुदत दोन तास धरतात, ३२ अंशांच्या वर एकच तास.

सगळ्यात दगाबाज भात. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते उकळीतही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलट्या करवणारं विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणजे रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कडकडीत फोडणी दिली म्हणून तो सुधारत नाही. वास नसतो, चव बदललेली नसते. मी उरलेला भात लगेच परातीत पसरते, वाफ गेली की उथळ डब्यांतून फ्रीजमध्ये. मोठं पातेलं तसंच आत ढकललं तर मधला भात कितीतरी वेळ कोमटच राहतो, शिवाय शेजारचं दूधही तापतं.

एका पोराचा संध्याकाळी फोन आला होता, "काकू, सकाळच्या वरणाला फेस येऊन राहिला, पण वास ठीक आहे. खाऊ का?" नको रे बाबा! फेस म्हणजे आत कारभार सुरू झालेला असतो. वरणाला फेस, आलूच्या भाजीला बोटाला लागणारी तार, चटणीत आधी नसलेला आंबटपणा, यातलं काहीही दिसलं की टाकून द्यायचं. उलट मात्र खरं नाही. काही दिसलं नाही म्हणजे चांगलंच आहे असं नसतं.

म्हणून उन्हाळ्यात माझ्या डब्यात ओलं खोबरं नसतं, आलूचा रस्सा नसतो, वरून कच्चा सांभार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुरलेला नसतो. झुणका, मुगवड्यांची कोरडी भाजी, सुकी चटणी. पोळ्या वाफ निघाल्याशिवाय डब्यात जात नाहीत. पोरं कुरकुरतात.

आता जुलै. मे महिन्यातल्या त्याच उन्हाने आपल्या कुरडया, सरगुंडे, पापड आणि भिवापुरी मिरच्या खडखडीत वाळवलेल्या असतात. मग पाऊस येतो आणि हे सगळं हवेतली ओल प्यायला लागतं. पापड सादळला, मीठ ओलसर झालं, तेव्हा समजायचं की गव्हाच्या ड्रममध्येही तेच चाललंय, फक्त दिसत नाहीये.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी धान्याच्या गोदामात झाली. ते अजूनही गहू दाताखाली धरून बघतात. कट्ट वाजला तर वाळलेला, नुसता दबला तर ओला. सरकारी खरेदीत एरवी १४ टक्क्यांवर ओल असलेला गहू परत पाठवतात, असं ते प्रत्येक वेळी सांगतात. गोदामात पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवत नाहीत, म्हणून आमचा ड्रमही पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब. आणि त्यांची एक युक्ती खरंच कामाची आहे: ड्रममध्ये कोपरापर्यंत हात घालायचा. आत कुठे कोमट लागलं तर तिथे बहुधा किडे आहेत. त्यांच्या श्वासोच्छ्वासाने धान्य तापतं.

रव्यात जाळी धरण्याआधीच मी तो भाजून ठेवते, किंवा घट्ट पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये; अंडीसुद्धा मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार रव्यावर दव धरतं आणि केलेलं सगळं पाण्यात. मिरची कानाजवळ हलवायची, बी खुळखुळलं पाहिजे. शंका आली तर एखादी मोडून आत काळी बुरशी आहे का बघायचं. लोणच्याबद्दल लिहीत नाही, कोरडा चमचा सगळ्यांना माहीत आहे. संत्र्यांचं प्रकरण मोठं आहे, ते आंबिया बहाराची संत्री बाजारात आली की लिहीन.

शेंगदाण्यांबाबत मी हट्टी आहे. सुरकुतलेला, रंग गेलेला, बुरशीचा किंवा कडू दाणा मी भाजायलाही घेत नाही. ओल लागलेल्या दाण्यावरची एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक, त्याने कर्करोगही होतो, आणि घरच्या भाजण्याने ते पूर्ण जात नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, ते असल्याच शेंगदाण्याची पेंड खाऊन. या विषाचा शोध तिथूनच लागला.

सासूबाईंचं म्हणणं, भाजलं की सगळं जातं. त्यांना टर्कीची गोष्ट सांगितली, तर म्हणाल्या, पक्ष्यांचं पोट नाजूकच असतं. पण दाणे निवडायचं काम आता त्यांनी स्वतःकडे घेतलंय, चष्मा लावून बसतात, आणि माझ्यापेक्षा जास्त फेकतात.