म्हापसा ते विठ्ठलापूर, पायी

आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठायला जमत नाही त्या आमच्याकडच्या, गोव्यातल्या लोकांचं पंढरपूर म्हणजे विठ्ठलापूर. साखळी गावाला लागूनच, कारापुरात, वाळवंटी नदीच्या काठावर राणे घराण्याचं हे देऊळ, आणि एकादशीला गावोगावच्या दिंड्या तिकडे वळतात. यंदा मी म्हापशाहून चालत गेले, पंचवीसेक किलोमीटर. आम्ही आधी हरवळ्याला राहायचो, साखळीपासून अगदी जवळ, त्यामुळे शाळेची वही असो नाहीतर तापाचं औषध, सगळं साखळीच्या बाजारातून यायचं.

काळोखातच निघालो. करासवाडा, थिवी, अस्नोडा, तोवर पाऊस नुसता भुरभुरत होता, मुळगावला त्याने जो धरला तो डिचोलीपर्यंत सोडलाच नाही. पखवाजवाल्या काकांनी पखवाजाला प्लास्टिक गुंडाळलं, वर स्वतःचा रेनकोट घातला आणि स्वतः भिजत चालले. डिचोलीत एका देवळाच्या मंडपात फराळाला थांबलो तर सगळे खिचडीच्या रांगेत आणि काका कोपऱ्यात. डब्यातून कणकेचा गोळा काढला, पाण्याचा हात लावून मळला, चपटा करून पखवाजाच्या डाव्या तोंडावर चिकटवला, एक थाप मारली, मान हलवली, चिमूटभर कणीक काढून टाकली, परत थाप. असं चार-पाचदा. मग एकदाचा घुमला आणि तेव्हा कुठे त्यांनी केळं सोललं. मी खिचडी हातात घेऊन तेच बघत बसले, किती मन लावून करत होते!

या बाजूचा रस्ता म्हणजे माझ्या लहानपणी खनिजाचे ट्रक. झाडं लाल, कौलं लाल, वाळत घातलेले कपडे लाल. त्यातला एक ट्रक बाबांचा, बँकेचं कर्ज काढून घेतलेला. खाणीवरून माल सारमानसच्या जेटीवर टाकायचा, तिथून तो बार्जमधून मांडवीने मुरगाव बंदरात जायचा. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा राहिला, हप्ते मात्र चालूच, शेवटी ट्रक विकला आणि आम्ही म्हापशाला आलो. त्यानंतर चोर्ला घाटाने बेळगावला जाताना कितीतरी वेळा साखळीतून गेलो असू पण बाबांनी गाडी कधी थांबवली नाही, आणि आम्हीही कोणी थांबवा म्हटलं नाही. चालणाऱ्याला ती सोय नसते. प्रत्येक वळण अंगावर येतं, आणि खरं सांगते, कारापूरच्या अलीकडे पाय दुखत होते म्हणून रडू आलं नाही, ओळखीचं एकेक दिसायला लागलं म्हणून आलं. टाळ चालू होते, शेजारच्या तुळस घेतलेल्या आजीने काही विचारलं नाही, नुसती म्हणाली, 'म्हण बाय, रामकृष्ण हरी म्हण', आणि मी म्हटलं.

देवळात प्रचंड गर्दी, रांग खूप वेळ हलेचना, पण दर्शन छान झालं.

मग मी एकटी पूल ओलांडून बाजारात गेले. काही दुकानांच्या जागी मोबाईलवाले आलेत, पार्किंगचा गोंधळ आहे, पण पावसाळी भाजी घेऊन बसणाऱ्या बायका तशाच, तायकिळा, अळू, फागलां, ओल्या गोणपाटावर मांडलेलं. त्यातल्या एकीने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाली, 'तूं त्या हरवळेंच्या ट्रकवाल्याचें चेडूं न्हय गो? बापूस खंय? येना कित्याक?' इतकी वर्षं झाली तरी ती विचारतेय, येत का नाही. कर्ज, ट्रक, हे तिला सगळं माहीत होतं, अख्ख्या बाजाराला माहीत होतं, कारण त्या वर्षी घरटी तेच चाललं होतं. बाबांना मात्र वाटायचं की लोक फक्त त्यांच्याकडेच बघतायत.

तिथूनच बाबांना फोन लावला आणि तिच्या हातात दिला. काय बोलले ते ऐकलं नाही, पण बराच वेळ बोलले. फोन परत माझ्याकडे आला तेव्हा पहिला प्रश्न, 'हरवळ्याचा धबधबा भरलाय का?' म्हटलं, बघून सांगते. रिक्षा केली, रुद्रेश्वराला नमस्कार केला, धबधब्याचा व्हिडिओ पाठवला.

पुढच्या आषाढीला डिचोलीपासून तरी चालणार म्हणतायत. गुडघ्याचं काय ते आधी डॉक्टरला दाखवून घेऊ.