हार्डशेल रूफटॉप टेंट: क्रॉसबार बसले, आता पॉप-अपच

गाडीच्या छतावर बसवायचा, कडक कवचात मिटणारा हार्डशेल टेंट घेतोय. बोलेरोच्या छताला दोन्ही कडांनी गटर, म्हणजे पाणी वाहून नेणारी पन्हळ आहे. त्यामुळे भोकं न पाडता क्लॅम्प आवळून क्रॉसबार, म्हणजे टेंट पेलणाऱ्या आडव्या दांड्या बसवता आल्या. वर काय चढवायचं, तेही बरंचसं ठरलंय.

आधी वजन. दोघांचा हार्डशेल टेंट साधारण ६० ते ८० किलो भरतो, वर क्रॉसबारचं वजन वेगळं. मॅन्युअलमध्ये बघायचा तो डायनॅमिक लोड, म्हणजे गाडी धावताना छताला चालणारं वजन. वर दोन माणसं झोपणार याची धास्ती नवीन लोकांना जास्त असते, पण उभ्या गाडीचं छत बरंच जास्त पेलतं. नव्या लँड रोव्हर डिफेंडरचे आकडे बघा: धावताना १६८ किलो, उभी असताना ३००. खरी परीक्षा धावताना, गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटातल्या वळणांवर.

आकाराचा घोळ मात्र बरेच दिवस चालला. क्लॅमशेल एका टोकाच्या बिजागरीवर उघडतो: डोक्याकडे उंच, पायाकडे निमुळता. बिजागरीचं टोक वाऱ्याकडे करून गाडी लावली की आडवा पाऊसही कवचावरून घसरून जातो. हा त्याचा मोठाच गुण. पॉप-अपचं झाकण चारही कोपऱ्यांतून सरळ वर जातं आणि चारही बाजूंना उभं कापड राहतं. मी पॉप-अप घेतोय. आपले मुक्काम बहुतेक नोव्हेंबर ते मे, आणि एप्रिल-मेच्या दमट रात्री वारा आरपार गेला नाही तर झोप लागत नाही. क्लॅमशेलमध्ये पायाकडे हवा कोंडते.

कापडाबाबत तडजोड नाही. गोव्यातल्या साखळी गावच्या मित्राचा टेंट पावसाळ्यानंतर उघडला, तेव्हा कोपऱ्यातल्या शिवणीत काळे ठिपके होते, बोटाने घासले तरी न जाणारे. गादीखालचा तळ ओलसर. श्वासातली वाफ थंड तळावर बसते आणि गादी ती धरून ठेवते. म्हणून गादीखाली हवा खेळवणारी जाळीदार मॅट हवीच. कापड २८० जीएसएमचं (चौरस मीटरला २८० ग्रॅम) पॉलीकॉटन, म्हणजे पॉलिएस्टर आणि कापूस मिसळलेलं. त्यातला कापसाचा धागा भिजला की फुगतो, सुईची भोकं बुजतात. पहिल्या मुक्कामाआधी टेंट अंगणात उघडून पाईपने चिंब करायचा नि कडक वाळवायचा. ओला टेंट मिटून ठेवायचा नाही. घाईत मिटावा लागला तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी उघडायचा.

खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट थेट टेकला की आजूबाजूचं ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडायला लागतं. मी ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे बोल्ट घेतले, आणि धातू एकमेकांना टेकू नयेत म्हणून खाली नायलॉनचे वॉशर.

उंचीचाही हिशेब धरा. बोलेरो १८८० मिलिमीटर, त्यावर बार आणि मिटलेला टेंट धरून सव्वादोन मीटरच्या आसपास. दक्षिण गोव्यात काणकोणच्या आतल्या रस्त्यांवर काजूच्या फांद्या तेवढ्यावर सहज येतात. किनाऱ्यावर गाडी उतरवायला गोव्यात बंदी आहे, तेव्हा आपली जागा म्हणजे सडा (कातळाचं मोकळं पठार) किंवा मालकाला विचारून एखादं कुळागर (पोफळी-माडांची बाग), तेही माडाखाली नाही.

राहिला गॅस स्ट्रट, म्हणजे झाकण वर उचलून धरणारा गॅसभरला दांडा. समुद्राजवळ राहणाऱ्यांचे किती पावसाळे टिकले, आणि बदलताना कोणत्या मापाचे मिळाले, तेवढं सांगा. ऑर्डर त्यानंतरच देतो.