अतिवृष्टीचं अनुदान: यादीत नाव होतं, खात्यात पैसे नव्हते

पंचनामा झाला, नाव यादीत लागलं, केवायसीही झाली. तरी गावातल्या बाकीच्यांचे पैसे पडले आणि माझे अडकले. कारण एकच, आधार सीडिंग. बँकेत याबद्दल जे उत्तर मिळालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून नीट लिहितो.

बँकेच्या खिडकीवर सांगतात, "आधार लिंक आहे." ते खोटं नसतं, पण अर्धंच असतं. खात्याला आधार क्रमांक जोडलेला असणं वेगळं आणि अनुदान कोणत्या बँकेत जायचं त्याची एनपीसीआयकडे (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणारी देशपातळीवरची संस्था) नोंद असणं वेगळं. ही दुसरी नोंद म्हणजेच सीडिंग. ती एका आधारवर एकाच बँकेची राहते, आणि जी शेवटी झाली तीच चालते. कधी सिमकार्ड घेताना अंगठा दिला आणि सोबत पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलं, तर पैसे तिकडे जातात. ते खातं बंद पडलेलं असेल तर रक्कम परत फिरते. पासबुकाची झेरॉक्स कितीही वेळा दिली तरी काही बदलत नाही, कारण पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारवर येतात.

म्हणून बँकेत जायच्या आधी माय आधारच्या साइटवर ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' बघा. तिथे बँकेचं नाव आणि सीडिंग चालू की बंद, दोन्ही दिसतं. ते कागदावर छापून न्या. मग शाखेत "लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज द्या" म्हणा. डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येणं. अर्जात जुन्या बँकेचं नाव लिहावं लागतं. पोच शिक्क्यासह घ्या, आणि काही दिवसांनी स्टेटस स्वतः बघा, "होऊन जाईल भाऊ" यावर थांबू नका. नोंद बदलली की ती छापील प्रत आणि विशिष्ट क्रमांक घेऊन तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत अर्ज द्या. अडकलेले पैसे नव्या नोंदीवर पुन्हा पाठवायची मागणी त्यात स्पष्ट लिहा.

विशिष्ट क्रमांक म्हणजे यादीत नावासमोर असतो तो. यादी तलाठी आप्पांकडे किंवा ग्रामपंचायतीत मिळते. केवायसी आपले सरकार केंद्रावर होते. अंगठा देण्याआधी पडद्यावरचं क्षेत्र वाचा. 0.80 हेक्टरच्या जागी 0.08 पडलं तर कोरडवाहूच्या हेक्टरी 8,500 रुपयांच्या दराने 6,800 ऐवजी 680 रुपयेच मिळतात. चूक असेल तर माहिती मान्य करू नका, तिथेच तक्रार नोंदवा.

पंचनाम्याच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. नुकसान 33 टक्के किंवा जास्त लिहिलेलं हवं, आणि बागायती कपाशी कोरडवाहूत टाकली तर दर निम्मा होतो, कारण बागायतीला 17,000 आहे. सातबाऱ्यावर विहीर आणि ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणारी पिकाची नोंद) सिंचनाची नोंद असेल तर ते तिथेच दाखवता येतं. सामाईक गटात बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं. भावकी पुण्या-सुरतेला असेल तर ते आधीच मागवून ठेवा.

आणि पैसे आल्यावर बँकेने पीककर्जात वळते करून घेतले, तर गप्प बसू नका. मदतीतून कर्जवसुली करू नये असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. त्या निर्णयाची प्रत जोडून शाखाधिकाऱ्याला लेखी द्या, एक प्रत तहसीलदारांना.